गोचीड दिसणारी दुर्बीण

रस्त्याने कोणी येताना दिसलं की कंपाउंडर दोन्ही हातांच्या मुठी पोकळ करून डोळ्यांना लावायचे, मान थोडी पुढे काढायचे आणि तो माणूस दहा पावलांवर येईपर्यंत तसेच उभे राहायचे. मग मुठी खाली घेऊन म्हणायचे, “हाव, गुरुजीच हायेत.”

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. आमच्या दारांमध्ये अंतर होतं एका खाटेएवढं. तरी रोज संध्याकाळी शाळेतून परतताना माझी अशी ओळख पटवली जायची. एकदा मी वैतागलोच. म्हटलं, “अहो, या दाराशी मी नाही तर दुसरं कोण येणार?”

“थे तुमाले माहीत हाये, गुरुजी. मले कसं माहीत असन? आधी पाह्यनं, मंग बाकी सारं.”

अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. त्यांना हसण्यात आपली काही वर्षं जातात, आणि मग एखादा दिवस असा येतो की हसणं तोंडातच राहतं.

मी मंगरूळपीरला मास्तर म्हणून लागलो तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता. सगळे कागद अकोल्याला जायचे आणि बहुतेक तिकडेच राहायचे. हे गृहस्थ गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर महिन्यातले बरेच दिवस दौऱ्यावर असत. त्यामुळे बैलाची खांदेसूज, अडलेली म्हैस, शेळीचं फुगलेलं पोट, सगळं यांच्याच हातून जायचं. हात फार हलका. लाथा झाडण्यात नाव कमावलेली गायसुद्धा त्यांच्यापुढे मागचे पाय आवरून उभी राहायची. पन्नाशीला टेकलेले, उंच, जरासे वाकलेले. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, आणि अंगाला कायम फिनेलचा वास. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. त्यांची बायकोसुद्धा चारचौघांत “आमचे कंपाउंडर” म्हणायची. मीही तेच म्हणतो.

त्यांच्या घरात भिंतीवर एकनळी बंदूक टांगलेली होती. परवान्याची. सगळ्या गल्लीत तेवढी एकच. पण ती खाली काढलेली मी कधी पाहिली नव्हती. पावसाळ्यात वहिनी तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायच्या.

एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या एका बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, सकाळीच दवाखान्यात आले. रानडुकराने त्यांच्या बैलाचा पुठ्ठा फाडला होता. रविवार होता, म्हणून मीही कंपाउंडरांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गेलो. त्यांनी बैलाशी काहीतरी बोलत बोलत टाके घातले. बैल ऐकत होता असं मला वाटलं.

हात धुताना नायक म्हणाले, “साहेब, बैल तं तुमी शिवला. पन त्या डुकराचं काय? अर्धा भुईमूग उकरून ठेवला त्यानं. तुमच्यापाशी बंदूक हाये म्हनते.”

“बंदूक हाये.”

“मंग चाला न एक दिवस.”

“दुरबीन नाई.”

नायकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. “दुरबीन कायले? डुक्कर का चांदावर हाये?”

“डुक्कर कोठी हाये थे नाई पाह्याचं, नायक. डुक्करच हाये का, थे पाह्याचं हाये.”

त्या दिवसापासून पुढच्या वर्षीच्या भुईमुगापर्यंत कंपाउंडर दुर्बीण शोधत होते.

नवी दुर्बीण घेण्याची ऐपत नव्हती. मुंबईच्या एका दुकानाचं किमतींचं पत्रक त्यांनी मागवलं, ओट्यावर बसून नीट वाचलं आणि त्याच्या औषधाच्या पुड्या बांधल्या. म्हणजे आता जुनीच घ्यायची, पण चांगली. ती कशी निवडायची हे त्यांनी चष्मेवाल्यापासून पोलिस जमादारापर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. त्यातून जे हाती लागलं ते मला सायकलवर, ओट्यावर, अगदी शाळेच्या खिडकीतून बोलावूनही सांगत.

“पैसा काचेले द्याचा, गुरुजी. चामड्याले नाई.”

“समोरची काच मोठी पाह्यजे. सांजच्याले उजेड कमी असते. तो गोया करा लागते.”

“लय मोठं दाखवनारी नाई घ्याची. आपला हात थरथरला का डुक्कर बी थरथरते. मंग कोन कोनाले भेलं तेच समजत नाई.”

मी दुसऱ्या दिवशीच्या वर्गातल्या गणितांचा विचार करत मान हलवायचो. आज वाटतं, ते अगदी बरोबर सांगत होते.

परीक्षा मात्र त्यांनी स्वतःची काढली होती. दिवस मावळताना तलावाच्या अल्याडून पल्याडच्या म्हशीच्या कानातली गोचीड दिसली तर दुर्बीण पास. नाहीतर नापास.

पहिली दुर्बीण उरुसात भेटली. एका घड्याळजीच्या पेटीत शिंपल्याच्या मुठीची, बायकांच्या फणीएवढी दुर्बीण होती. पूर्वी मोठी माणसं ती नाटकाला नेत म्हणे. स्वस्त होती. कंपाउंडर घड्याळजीला दुकान झाकायला लावून तलावावर घेऊन आले. उरुसातले दहा-वीस रिकामे लोकही मागे आले. पलीकडे एका गवळ्याची म्हैस पाण्यात बसली होती. कंपाउंडरांनी बराच वेळ पाहिलं.

घड्याळजी म्हणाला, “म्हैस दिसली का?”

“दिसली.”

“मंग झालं तर!”

“म्हैस तं मले बिनदुरबिनीची बी दिसते.”

दुसरी दुर्बीण मालेगावला निघाली, नाशकाकडच्या नव्हे, आमच्या वाशीमकडच्या. तिथे जंगलखात्यातले एक निवृत्त अधिकारी राहत. शेलूबाजारच्या वाटेने मोटारीत उभ्याने हिंदकळत आम्ही तिथे पोहोचलो. साहेबांनी मखमलीच्या पेटीतून दुर्बीण काढून टेबलावर ठेवली आणि चहा मागवला. कंपाउंडरांनी ती कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ वाजलं. तरी त्यांनी शिष्टाचार म्हणून खिडकीतून समोरच्या गोठ्याकडे पाहिलं, मग डोळे चोळले, पुन्हा पाहिलं.

“साहेब, तुमच्या गोठ्यात म्हशी किती?”

“एक. का?”

“हिच्यात दोन दिसतात. दुधासाठी बरी हाये. शिकारीले नाई चालाची.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “अहो, या दुर्बिणीतून मी वाघ पाहिलेत, वाघ!”

“किती पाह्यले?”

“चार.”

कंपाउंडरांनी दुर्बीण हळूच पेटीत ठेवली. “मंग दोनच असतीन, साहेब.”

चहा यायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो.

असे आठ-दहा महिने गेले. अधूनमधून बाजाराच्या दिवशी नायक यायचे, ओट्याशी उभे राहून विचारायचे, “भेटली का?” कंपाउंडर मान हलवायचे. नायक भला माणूस. पण त्यांच्याही बोलण्यात आता धार यायला लागली होती. “साहेब, डुकराले सांगू का, थांब म्हना जरा? आमच्या कंपाउंडरसाहेबाची काच पसंत पडून नाई राह्यली.” गावात तर लोक उघड हसायचे. कंपाउंडर वरात पाहायला आले तरी लोक त्यांच्यासमोर पोरीच्या बापाला म्हणायचे, “नवरदेव पाह्यला का दुरबिनीतून?” कंपाउंडरांना राग यायचा नाही. ते खरंच विचार करून म्हणायचे, “पाह्याले पाह्यजे होता.”

शेवटी कोणीतरी सांगितलं, अकोल्याला लढाईतला जुना मिलिटरी माल विकणारं एक दुकान आहे. बूट, कोट, पाण्याच्या बाटल्या, आणि दुर्बिणीसुद्धा. शाळेला सुट्टी होती. मला सोबत नेलं.

दुकानदार फाळणीत सिंधहून आलेले, शांत, पिकल्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी तीन दुर्बिणी पुढे ठेवल्या. एक जर्मन, सुबक, किंमत ऐकूनच कंपाउंडरांनी हात मागे घेतला. दुसरी नव्या चामड्याची, चकचकीत. तिसरी पाहून मलाच कसंसं झालं. चामडं पार उडालेलं, पट्टा नाही, डोळ्याला लावायच्या एका बाजूची वाटी फुटून गेलेली. तिचं नशीब आधीच ठरल्यासारखं होतं. तिला कोणी घेणारच नव्हतं.

कंपाउंडरांनी तिन्ही उजेडाकडे धरून काचांत बुरशी आहे का ते पाहिलं. तिन्ही कानाशी हलवल्या. समोरच्या माडीची कड वाकडी दिसते का ते पाहिलं. मग दुर्बिणी ठेवून दिल्या आणि दुकानातल्या लोखंडी पेटीवर बसले. एक तास गेला. दोन तास गेले. दुकानदार म्हणाले, “भाईसाब, दुकान बंद करने का टाइम हो गया.”

“थोडा रुको न, भाऊ. डुक्कर दिन में थोडी आता है?”

दुकानदारांनी यावर काही क्षण विचार केला. त्यांना बहुधा असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी फळ्या लावल्या, दोन दुर्बिणी स्वतःच्या गळ्यात अडकवल्या, बिनपट्ट्याची तिसरी हातात घेतली आणि म्हणाले, “चलिए.”

मोर्णा नदीच्या काठी दिवस बुडत होता. पलीकडच्या काठाला म्हशी पाण्यात होत्या. चकचकीत दुर्बिणीतून नुसता काळोख दिसला. जर्मन दुर्बिणीतून सगळं लख्ख दिसलं, आणि ती त्यांनी लगेच, जणू चटका बसावा तशी, परत केली. मग ती भिकारडी दुर्बीण त्यांनी डोळ्यांना लावली. खूप वेळ लावून उभे राहिले.

“तीन,” ते म्हणाले. “कानामांगं एक, शेपटीच्या बुडाशी दोन.”

“क्या तीन?” दुकानदारांनी विचारलं.

उत्तर न देता कंपाउंडरांनी चपला काढल्या, चड्डी वर गुंडाळली आणि नदीत शिरले. पाणी मांड्यांपर्यंतच होतं. आम्ही दोघं काठावर उभे. पलीकडे म्हशीशी त्यांचं काहीतरी बोलणं झालेलं दिसलं. मग ते परत आले आणि ओला तळवा दुकानदारांपुढे उघडला. त्यावर तीन गोचिडी होत्या. एक अजून चालत होती.

दुकानदारांनी गोचिडींकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “उमर निकल गई दुकान में,” ते म्हणाले, “ऐसा गाहक नहीं देखा.” आणि न मागता किंमत उतरवली. त्यांना मनापासून आनंद झाला होता असं मला वाटलं. कंपाउंडर मात्र अजून काळजीतच होते. “भाऊ, म्हैस किसकी है? उसको दवा लगाना पडता. लय गोचीड झाली.”

घरी आल्यावर आठ दिवस दुर्बिणीवर औषधोपचार चालले. फुटक्या वाटीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा. उडालेल्या चामड्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी. गळ्यात अडकवायला बैलाची नवी वेसण. ती दुर्बीण पाहून असं वाटे की हिला बरं वाटलं की सोडून देतील.

एका दुपारी ते ड्यूटीवर असताना मी वहिनींपाशी थट्टा केली. म्हटलं, “वहिनी, अहो, एवढ्या खटपटीत एक सोडून दहा डुकरं मारून झाली असती.”

वहिनी तूर पाखडत होत्या. सूप थांबलं. “हासू नका, गुरुजी. तुमाले माहीत नाई.”

आणि त्यांनी सांगितलं ते असं. लग्नानंतर पहिल्याच दिवाळसणाला कंपाउंडर सासुरवाडीला गेले होते, कारंज्याकडे. तेव्हा ते कंपाउंडर नव्हते, नुसतेच जावई होते. सासऱ्याला शिकारीचा नाद. संध्याकाळी जावयाला वावरात नेलं, हातात बंदूक दिली. तुरीत काळं काहीतरी हललं. सोबतचे लोक म्हणाले, डुक्कर, मारा. यांनी मारलं.

“बापाचा बैल होता,” वहिनी म्हणाल्या. “जोडीतला. घरी वाढवलेला.”

“मेला?”

“नाई. मांडीत गोयी होती. माह्या बापानं एक शबद नाई काढला. सण सोडून हे गोठ्यात बसले. एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले. रोज जखम धुवाचे, किडे काढाचे. घरून बलावनं आलं तरी गेले नाई. बैल उठला, पन लंगडाच राह्यला. गुरांचे डॉक्टर याचे, त्यायनं यांचा हात पाह्यला आन म्हने, चाल माह्यासंगं. असे झाले कंपाउंडर.”

“आणि बंदूक?”

“निघताना बापानं यांच्या हातात देली. म्हने, जावाईबापू, आता हे तुमीच ठेवा. परवाना बी यांच्या नावानं करून देला.” त्यांनी सूप पुन्हा उचललं. “बाप रागानं बोल्ला का मायेनं, थे यांले अजून समजलं नाई.”

मी खोलीत येऊन बसलो. मला माझ्याच थट्टेची लाज वाटत होती, आणि तरीही, खरं सांगतो, त्या बैलाचं ऐकताना मधेच हसू आलं होतं.

भुईमूग पुन्हा भरला होता. शेंगा धरल्या आणि डुक्कर परत आलं. दुर्बीण भेटल्याचं नायकांच्या कानावर गेलं होतंच; या वेळी त्यांना विनवणी करावी लागली नाही. ते बैलगाडीच घेऊन आले. कंपाउंडरांनी भिंतीवरची बंदूक काढली, टॉवेल घडी करून ठेवला आणि वहिनींना म्हणाले, “येतो.” वहिनी त्यांच्यामागे दारापर्यंत आल्या.

वावराच्या कडेला मोहाच्या झाडावर मचाण बांधलं होतं. वर आम्ही तिघं: कंपाउंडर, नायक आणि मी. दिवस मावळला. भुईमुगाचं वावर आधी हिरवं होतं, मग राखाडी झालं. बंदूक कंपाउंडरांच्या मांडीवर, दुर्बीण डोळ्यांवर. ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश पाहत होते, जसं आम्ही पाढे तपासतो तसं.

आणि खालच्या बांधाशी काहीतरी हललं.

काळं, बुटकं, वाकलेलं. दोन पावलं पुढे सरकलं, थांबलं, माती उकरू लागलं. शेंगा फोडल्याचा आवाज मलाही ऐकू आला.  नायक कंपाउंडरांच्या कानाशी लागले. “साहेब, थेच. मारा.”

कंपाउंडर पाहत राहिले.

“मारा न, साहेब. चाललं जाईन. दुसरं वरीस हाये!”

“पाहू द्या.”

“पाह्याचं काय आता? डुक्कर हाये थे! मले दिसून राह्यलं, गुरुजीले दिसून राह्यलं. काहून गुरुजी?”

मी मान हलवली. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. मी मान हलवली. मला डुक्करच दिसत होतं. त्याचं तोंड, त्याची पाठ, सगळं. बंदूक माझ्या हातात असती तर मी चालवली असती.

कंपाउंडरांनी दुर्बिणीचं चाक किंचित फिरवलं.  मग ते अगदी हळू, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, “नायक, डुकरं चुडा कईपासून घालाले लागली?”

नायकांना कळेना. कंपाउंडरांनी गळ्यातली वेसण काढून दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली, मान धरून नीट वळवली. नायक पाहत राहिले. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, “याडी.” त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

काळी घोंगडी अंगावर घेऊन, कोपरापर्यंतच्या पांढऱ्या चुड्यांचे हात मातीत घालून, नायकांची म्हातारी आई भुईमूग खात बसली होती.

नायकांच्या अंगाखाली मचाणाच्या फळ्या वाजायला लागल्या. कंपाउंडरांनी बंदुकीतलं काडतूस काढून खिशात टाकलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बैलांशी बोलतात तसंच त्यांच्याशी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. खूप वेळाने आम्ही उतरलो.

म्हातारीला पकडलं गेल्याचा राग होता, भीती नव्हती. दात एकही नव्हता. शेंगा दगडाने ठेचून त्यांचा कूट ती गालात धरत होती. नायक रडत होते आणि ओरडतही होते. “तुले खोकला हाये न! डॉक्टरनं भुईमूग बंद सांगतला न!”

म्हातारी आमच्याकडे वळली, म्हणजे न्यायासाठी. “साहेब, खोकला माहा हाये. भुईमूग बी माहा हाये, माह्या हातानं पेरला. याच्या बापाचं काय जाते?” मग तिच्या लक्षात आलं की याच्या बापाचं म्हणजे तिच्याच नवऱ्याचं, आणि ती तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. हसताना तिला खोकला आला. नायकांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि तांड्यापर्यंत नेलं. ती वरून सारखी सांगत होती की मले चालता येते.

“रोज येत होतीस?” नायकांनी वाटेत विचारलं.

“रोज.”

“मागच्या वर्सी बी?”

म्हातारीने मान दुसरीकडे वळवली. म्हणजे गेल्या वर्षीच्या अर्ध्या भुईमुगाचा हिशोब डुकराकडे आणि अर्ध्याचा घरीच होता. आणि कंपाउंडर त्याच दिवाळीला बंदूक घेऊन आले असते तर? हा प्रश्न नायकांनी मला दोन दिवसांनी बाजारात विचारला. त्याचं उत्तर त्यांनाही नको होतं.

त्यानंतर नायकांनी आईला उघडपणे मचाणावर बसवलं, शेजारी स्वतः झोपले, आणि तिच्या ओटीत भाजलेल्या शेंगा ठेवल्या. म्हातारी रात्रभर खोकायची. तो खोकला असा काही होता की खरं डुक्कर पुन्हा त्या वावराकडे फिरकलं नाही. कंपाउंडरांनी तिला बैलांच्या औषधातलं काहीतरी अगदी थोडं करून दिलं होतं असं लोक म्हणत. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “काही नाई, गूळ होता.”

पुढच्या आठवड्यात ते बंदूक घेऊन ठाण्यात गेले. मी सोबत होतो. जमादार म्हणाला, “जमा काहून करता? परवाना तं चालू हाये.”

“दुरबीन चांगली भेटली.”

“मंग?”

“म्हनूनच.”

जमादाराने मान हलवत पावती लिहिली.

दुर्बीण मात्र रोज कामाला लागली. संध्याकाळी गुरं परतायच्या वेळी ते टेकडावर जाऊन बसत आणि कळपातलं कोणतं जनावर पाय उचलून टाकतंय, कोणाचं पोट फुगलंय ते लांबूनच हेरत. मालकाला कळायच्या आधी हे दारात हजर. लोकांनी हसणं सोडलं नाही, पण जनावर दाखवायला दुसऱ्या कोणाकडे गेलेही नाहीत.

तीन वर्षांनी त्यांची बदली झाली, पार मेळघाटाच्या बाजूला. तिकडून वर्षातून एखादं कार्ड यायचं. एका कार्डात त्यांच्या अक्षरात वहिनी गेल्याचं कळलं. दीड महिन्याने दुसरं कार्ड आलं. त्यावरचं अक्षर दवाखान्यातल्या कोणाचं तरी होतं, आणि बातमी कंपाउंडरांची.

शेवटचं पाहिलं ते बदलीच्या दिवशी. मोटारीच्या टपावर सामान चढलं होतं, वहिनी खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर फोडणीचा डबा. आणि कंपाउंडर निघणार म्हणून आसपासची सात-आठ गावं आपापली जनावरं घेऊन स्टँडवर आली होती, शेवटची एकदा दाखवून घ्यायला. ते प्रत्येकाकडे पाहत होते. तेवढ्यात एक अडलेली गाय आली. त्यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला, हात तेलात बुडवला आणि रस्त्याच्या कडेलाच कामाला लागले. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. कोणीतरी ओरडलं, “कंपाउंडर, मोटार चालली!” वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नुसत्या पाहत राहिल्या.

कंपाउंडरांचा हात कोपरापर्यंत गायीच्या आत होता. गाल तिच्या पाठीला टेकलेला, डोळे मिटलेले. मोटार हलली तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच मोकळा हात वर केला.

“तू हो पुढं,” ते म्हणाले. “मी आलोच.”